पुस्तकांची गाडी आणि तिची वेळ : राजगड तालुक्यातील एका फिरत्या वाचनालयाचा आढावा

पुण्यातील एक सेवाभावी संस्था राजगड तालुक्यातील, म्हणजे पूर्वीच्या वेल्हे तालुक्यातील काही गावांमध्ये फिरते वाचनालय चालवते. शहरातील वाचकांना या उपक्रमाची माहिती होते ती बहुधा वर्तमानपत्रातील छायाचित्रातून : रंगवलेला टेम्पो, त्यापुढे हात उंचावून उभी असलेली मुले आणि खाली देणगीदार कंपनीचे नाव. माझे मूळ गाव याच तालुक्यात असून तिथे माझे जाणेयेणे सतत असते, आणि घरातली माणसे या वाचनालयाची सभासद आहेत. त्यामुळे छायाचित्रात न येणारी बाजू, म्हणजे सभासदाला ही सेवा प्रत्यक्षात कशी मिळते, हे सांगता येईल. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही दोष सांगायचे आहेत आणि ते काही एकाच संस्थेचे नाहीत. माझे मत आधीच सांगून टाकतो. पुस्तके बऱ्यापैकी आहेत, ग्रंथपाल उत्तम आहेत, पण गाडी गावात ज्या वेळी येते ती वेळ मोठ्या माणसांपैकी जवळजवळ कोणाच्याच सोयीची नाही.

ज्यांना हा भाग परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. वेल्हे हे तालुक्याचे ठिकाण पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे. सातारा रस्त्यावरच्या चेलाडी फाट्याला वळून नसरापूर, मार्गासनी, विंझर असे करत तिथे पोहोचता येते. आणखी आत गुंजवणी आणि कानंद नद्यांच्या खोऱ्यांतील गावे आणि वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. पुणे शहरात १८४८ साली स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर आहे, विश्रामबागवाड्यात शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानांची रांगच आहे. त्याच शहरातून दीड-दोन तासांच्या अंतरावर वह्या, पेन आणि पाठ्यपुस्तकांची मार्गदर्शके विकणारे एखादे दुकान सापडते, पण साधी कादंबरी किंवा मुलांचे गोष्टीचे पुस्तक विकत घ्यायचे म्हटले तर पुण्याची वाट धरावी लागते.

गावातच ग्रंथालय का नाही, असा प्रश्न कोणी विचारेल. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क आणि ड अशा वर्गांनुसार शासनाचे अनुदान मिळते. मात्र तमिळनाडू किंवा कर्नाटकाप्रमाणे ग्रंथालयासाठी वेगळा उपकर आपल्या कायद्यात नाही. ग्रंथालय सुरू करायचे, जागा मिळवायची आणि ते टिकवायचे ही जबाबदारी गावातील हौशी मंडळींवर येऊन पडते. ज्या गावात तरुण माणसे कामासाठी शिरवळ, खेड-शिवापूर किंवा थेट पुण्याला निघून गेली आहेत, तिथे असे मंडळ उभे राहणे अवघड असते आणि राहिले तरी ग्रंथालयाचे कुलूप रोज उघडणारा माणूस मिळणे त्याहून अवघड असते. फिरत्या वाचनालयाची गरज इथून निर्माण होते.

आता गाडीविषयी. बाहेरून दिसतो तो नेहमीचा बंद हौद्याचा टेम्पो, पण आतली रचना विचारपूर्वक केलेली आहे. दोन्ही बाजूंच्या फळ्या पुढच्या कडेला किंचित उचललेल्या, म्हणजे मागे कललेल्या आहेत आणि प्रत्येक फळीपुढे काढता-घालता येणारी लोखंडी सळई आहे. खड्ड्यांच्या रस्त्यावर पुस्तके खाली येऊ नयेत म्हणून हा बंदोबस्त असतो. शिवाय देवघेव झाल्यावर फळीत जी रिकामी जागा राहते तिथे थर्मोकोलचे ठोकळे घालतात, कारण अर्धवट भरलेल्या फळीतली पुस्तके एसटीच्या मागच्या बाकावरच्या प्रवाशांसारखी एकमेकांच्या अंगावर पडत राहतात. मुलांची पुस्तके सर्वांत खालच्या दोन फळ्यांवर आहेत, त्यामुळे पहिलीतले मूलही स्वतःच्या हाताने पुस्तक काढून पाहू शकते. वाचकाने थेट मांडणीपाशी जाऊन पुस्तक निवडायचे, ही ग्रंथालयांतील मुक्तद्वार पद्धत इतक्या अरुंद जागेतही सोडलेली नाही, याचे श्रेय संस्थेला द्यायलाच हवे. काही ठिकाणी अशाच गाड्यांमध्ये बाहेर टेबल मांडून त्यावर कर्मचाऱ्यांनी निवडलेली पुस्तके पसरतात. त्यात गर्दी आवरते, पण वाचकाची निवड संपते.

एक गोष्ट मात्र कोणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. टेम्पोच्या मागच्या दाराची पायरी प्रौढ माणसाच्या गुडघ्यापर्यंत येते. मुले उड्या मारून चढतात. लुगडे नेसलेल्या म्हाताऱ्या बायका मात्र खाली उभ्या राहून वर पाहतात. शाळेतून प्लास्टिकचे स्टूल आणून ठेवले की त्यांची अडचण तात्पुरती सुटते, पण स्टूल आणण्याची आठवण कोणालातरी व्हावी लागते. एवढ्या खर्चाच्या गाडीला दुमडणारी एक जास्तीची पायरी बसवायला कितीसे पैसे लागतील?

सेवेचा खरा भार ग्रंथपालबाईंवर आहे, आणि या आढाव्यात मनापासून कौतुक करण्यासारखी बाब तीच आहे. गाडीत संगणक आहे, पुस्तकांना बारकोड चिकटवलेले आहेत, पण डोंगराच्या कुशीत रेंज मिळेलच असे नाही. म्हणून बाई शेजारी जाड पुठ्ठ्याची नोंदवही ठेवतात आणि दाखल क्रमांक, सभासद क्रमांक, तारीख हाताने लिहून घेतात. पुस्तकाच्या शेवटच्या पानावरील तारीखचिठ्ठीवर शिक्का पडतो. हे सगळे होत असताना त्यांचे लक्ष वाचकाकडे असते. एकदा माझ्यासमोर एका आजींनी पुस्तक परत केले तेव्हा झालेले बोलणे असे :

“आजी, संपलं का पुस्तक?”

“कुठलं संपायला, बाई. अक्षर लई बारीक, डोळं दुखत्यात. मोठ्या अक्षराचं दे काहीतरी, आन् त्यात रडारड नको.”

बाईंनी आत जाऊन मोठ्या टायपातले लोककथांचे पुस्तक काढून दिले आणि आजींच्या सभासदकार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘मोठा टाइप, हलके’ असे लिहून ठेवले. पुढच्या फेरीला कदाचित दुसऱ्याच कोणी बाई येतील, पण ती पेन्सिलीची खूण त्यांनाही उपयोगी पडेल. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धान्तांत ‘प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक’ हा दुसरा सिद्धान्त आहे. तो अभ्यासक्रमात वाचलेल्या माणसांपैकी किती जण कार्डावर अशी खूण करतात, याविषयी मला शंका आहे.

पुस्तकसंग्रहाचे दोन थर स्पष्ट दिसतात. पहिला थर विकत घेतलेल्या पुस्तकांचा : बालसाहित्य, ऐतिहासिक कादंबऱ्या, चरित्रे, आरोग्यावरील पुस्तके. तो चांगला आहे आणि त्याला पारदर्शक प्लास्टिकची वेष्टणे घातलेली असल्यामुळे पावसाळ्यातही टिकतो. दुसरा थर देणगीतून आलेला आहे आणि त्याविषयी पुणेकरांना चार शब्द सुनावणे भाग आहे. घर बदलताना किंवा वडीलधारे गेल्यानंतर कपाटातून जे निघते ते ‘खेड्यातल्या मुलांना उपयोगी पडेल’ म्हणून संस्थेकडे पोहोचवले जाते. त्यात अभ्यासक्रम बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तके असतात, जुनी गुंतवणूक मार्गदर्शके असतात, सुटी पाने लोंबकळणारे कथासंग्रह असतात. गाडीत जागा मर्यादित असते. जे पुस्तक कोणी नेत नाही ते दर पंधरवड्याला डिझेल खर्चून डोंगरात नेऊन परत आणले जाते. संस्थेने अशी पुस्तके नाकारावीत किंवा आली तर ताबडतोब बाद करावीत. देणगीदार दुखावेल या भीतीने ती फळीवर ठेवणे म्हणजे वाचकाच्या जागेवर देणगीदाराला बसवणे आहे.

याउलट ‘मागणी वही’ ही या सेवेतील सर्वांत मोलाची वस्तू आहे. दाराशी सुतळीने बांधलेल्या या शंभरपानी वहीत कोणीही हवे ते पुस्तक लिहून ठेवावे, अशी पद्धत आहे. मी ती चाळली तेव्हा शेळीपालन, पोलीस भरतीचे गणित, ‘भुताच्या गोष्टी (खऱ्या)’, गरोदर बाईने काय खावे, आणि एका ठिकाणी ‘सातबारा कसा वाचायचा ते पुस्तक’ अशा नोंदी होत्या. ही शेवटची मागणी करणाऱ्या गृहस्थांच्या वस्तीशेजारच्या जमिनींना आता शेतघराच्या जाहिरातींमुळे भाव आला आहे, हे लक्षात घेतले तर ग्रंथालय माणसाच्या व्यवहारात नेमके कुठे उपयोगी पडते हे समजते. वहीतील मागण्यांपैकी काही ग्रंथपालबाई स्वतः अप्पा बळवंत चौकात जाऊन पूर्ण करतात. जमिनीच्या नोंदींवरील ते पुस्तक पुढे आले आणि त्याला लगेच प्रतीक्षा लागली. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांबाबत मात्र सेवा कमी पडते : ही पुस्तके दरवर्षी बदलतात, जुनी आवृत्ती हाती आलेल्या मुलाचे नुकसान होते, आणि पंधरा दिवसांच्या मुदतीत त्यांचा अभ्यासही होत नाही. अशा पुस्तकांचा एक संच गाडीत फिरवण्याऐवजी ग्रामपंचायतीच्या खोलीत वर्षभर ठेवून द्यावा, असे मला वाटते.

आता मूळ तक्रारीकडे. गाडी पंधरा दिवसांतून एकदा, कामाच्या दिवशी, साधारण अकरा ते एक या वेळेत जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात थांबते. शाळेतील मुलांसाठी ही वेळ आणि जागा उत्तम आहे आणि संस्थेच्या अहवालातील आकडेही त्यामुळेच भरघोस दिसतात. परंतु त्या वेळी बायका शेतावर किंवा रोजगाराला गेलेल्या असतात, तरुण मुले कंपन्यांच्या पाळीवर असतात, आणि घरी असलेले वृद्ध शाळेच्या आवारात शिरायला संकोचतात, कारण शाळा म्हणजे मुलांची आणि गुरुजींची जागा असे त्यांच्या मनात पक्के बसलेले आहे. फलकावर ‘सर्व ग्रामस्थांसाठी’ असे लिहिलेले असले तरी थांबा शाळेसाठीच आहे. आमच्या घरातील सूनबाई सभासद आहेत. त्या पुस्तक बदलतात ते शेजारच्या चौथीतल्या मुलीच्या हातून, आणि ती मुलगी स्वतःच्या आवडीचे पुस्तक आणते.

वेळेचा दुसरा घोळ मोसमांचा आहे. या भागात पाऊस भरपूर पडतो आणि जुलैत भातलावणी चालते. त्या काळात गाडी चुकणे समजण्यासारखे आहे. न समजण्यासारखे आहे ते निरोप न देणे. गाडी येणार नाही असा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, पण त्या गटात फक्त शिक्षक आहेत. एक फेरी चुकली की वाचकाच्या हातात तेच पुस्तक महिनाभर राहते. त्याहून नवलाची गोष्ट अशी की, मे महिन्यात सेवा पूर्ण बंद असते, कारण शाळा बंद असते. मुलांना वाचायला मोकळा वेळ असतो तो याच महिन्यात. पुण्या-मुंबईहून मामाकडे, आत्याकडे आलेली पोरेही गावात असतात. दिवाळीच्या सुट्टीतही तेच घडते. ज्या भाषेत १९०९ सालापासून दिवाळी अंकांची परंपरा आहे त्या भाषेतील वाचनालय ऐन दिवाळीत गॅरेजमध्ये उभे असावे, हे पटत नाही.

संस्थेची बाजूही सांगितली पाहिजे. मी याविषयी त्यांच्या कार्यालयात विचारले तेव्हा मिळालेले उत्तर पोकळ नव्हते : संध्याकाळी उशिरा थांबा ठेवला तर परतीचा रस्ता अंधारात काढावा लागतो, ग्रंथपालबाईंना घरी पोहोचायला रात्र होते, चालकाला जादा मोबदला द्यावा लागतो. शिवाय देणगीच्या पैशाचा एक विचित्र नियम आहे. कंपनी कायद्याच्या २०१३ सालच्या तरतुदीनुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामासाठी खर्च करावे लागतात. त्यातून गाडी मिळते, कारण गाडीवर नाव रंगवता येते. डिझेलवर, टायरवर आणि रविवारच्या पगारावर नाव रंगवता येत नाही. टेम्पोच्या दोन्ही बाजूंना देणगीदाराचे नाव हातभर उंचीच्या अक्षरांत आहे. गाडी कोणत्या गावी कधी येते, हे कुठेच लिहिलेले नाही.

तरीही मार्ग निघू शकतो. प्रत्येक खोऱ्यातील एका गावात महिन्यातून एक रविवार, दुपारी चार ते सहा, देवळाच्या किंवा ग्रामपंचायतीच्या समोर थांबा द्यावा. उन्हाळ्यात सहा वाजता भरपूर उजेड असतो. आठवडे बाजाराच्या गावी बाजाराच्या दिवशी गाडी उभी केली तर आसपासच्या वाड्यांतील माणसे आपल्या पायांनीच तिथे आलेली असतात, त्यांना शोधत जावे लागत नाही. बडोदे संस्थानाने १९१० नंतर फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या आणि १९३१ मध्ये मद्रास इलाख्यातील मन्नारगुडीला बैलगाडीतून ग्रंथालय फिरू लागले. बैलगाडीच्या काळात लोकांच्या दारी जाणे जमले, तर टेम्पोच्या काळात दोन तास पुढे-मागे करणे अशक्य मानू नये.

नियमांपैकी दोन बदलायला हवेत. मुलांना सदस्यत्व विनामूल्य आहे, मोठ्यांना नाममात्र वर्गणी आणि शंभर रुपये अनामत आहे. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण मुलाला एका वेळी एकच पुस्तक मिळते. बत्तीस पानांचे चित्रमय पुस्तक तिसरीतला मुलगा त्याच दुपारी संपवतो आणि उरलेले चौदा दिवस रिकामा राहतो. वर्गातील मुले आपसांत पुस्तके बदलून वाचतात, शिक्षकही त्याला उत्तेजन देतात, पण नियमानुसार ते ‘गैर’ असल्याने लपूनछपून चालते. दुसरा नियम भरपाईचा. पुस्तक फाटले तर किंमत भरावी लागेल, अशी सूचना प्रत्येक पुस्तकात चिकटवलेली आहे. तिचा परिणाम मी दोन-तीन घरांत पाहिला : मुलाने आणलेले पुस्तक आई कपाटावर, त्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवते आणि गाडीच्या दिवशी जसेच्या तसे परत पाठवते. पुस्तक न फाटता परत येते, नोंदवहीत ‘वाचले’ म्हणून मोजले जाते. बालविभागापुरती तरी ही सूचना काढून टाकावी. मुलांच्या पुस्तकांची झीज हा ग्रंथालयाच्या नेहमीच्या खर्चाचाच भाग आहे.

पर्यायांचा विचार केला तर नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ पासून चालवलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजनेसारखी ग्रंथपेटी स्वस्त पडते आणि वेळेचा प्रश्नच उरत नाही, कारण पेटी वाचकांच्याच वस्तीत मुक्कामाला असते. मात्र पेटीबरोबर ग्रंथपाल येत नाही, आणि आजींच्या कार्डावर खूण कोण करणार? माझ्या मते मोठ्या गावांत गाडी थांबावी आणि जिथे टेम्पो जातच नाही अशा वाड्यांवर त्याच गाडीतून एक पेटी उतरवावी. मोबाइलवर पुस्तके वाचा, हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा या खोऱ्यात येऊन एक फाइल उतरवून पाहावी.

ही सेवा घ्यावी का, असे विचारणाऱ्या गावांना माझे उत्तर होकारार्थी आहे. शाळा लहान असेल आणि शिक्षक उत्साही असतील तर मुलांना पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तिचा लाभ दिसेल. पुण्यातील वाचकांपैकी ज्यांना मदत करायची असेल त्यांनी जुनी पुस्तके नेऊन देण्याआधी संस्थेला मागणी वहीतील यादी विचारावी आणि त्यातले एक नवे पुस्तक घेऊन द्यावे, किंवा एका रविवारच्या फेरीचा डिझेल आणि पगाराचा खर्च उचलावा. गावाकडून अर्ज करताना ग्रामपंचायतीचे किंवा शाळेचे पत्र लागते; गाडी वळवण्याइतकी मोकळी जागा आणि सावली असल्याचा उल्लेख त्यात असावा लागतो. नवीन थांबे जूनमध्ये ठरत असल्याने पत्र उन्हाळ्यातच द्यावे आणि त्यात थांब्याची जागा व वेळ आपल्या सोयीने आपणच लिहावी, कारण तो रकाना रिकामा सोडला की संस्थेकडून ‘शाळेचे पटांगण, अकरा ते एक’ असे भरून येते.